गणित करणारा विवर्धक

मोठ्या रेल्वे स्थानकावर गाडी कोणत्या फलाटावर येणार हे ध्वनिक्षेपकावरून सांगितले जाते. पाच, सात, आठ हे तीन शब्द वाचकांनी एकदा मोठ्याने उच्चारून पाहावेत. तिन्ही शब्दांत स्वर एकच आहे, तो म्हणजे 'आ'. त्यांना परस्परांपासून वेगळे करतात ती केवळ व्यंजने. ती वाटेत हरवली, तर प्रवाशाच्या कानी नुसता एक लांबट 'आ' पडतो आणि सातव्या फलाटावर जावयाचा मनुष्य सामानासह आठव्या फलाटाचा जिना उतरू लागतो. आवाज कमी पडला म्हणून ही चूक होत नाही. आवाज पुष्कळ असतो, परंतु शब्द नसतो.

याचे कारण ध्वनीच्या रचनेत आहे. बोलण्यातील बहुतेक ऊर्जा स्वरांत असते आणि तिचा मोठा भाग १,००० हर्ट्झच्या खाली असतो. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या. उलट 'स', 'च', 'त' यांसारख्या व्यंजनांची ओळख पटविणारा भाग मुख्यत्वे २,००० ते ८,००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, आणि तो फार क्षीण असतो. जाड गोधडीआड तोंड धरून वरील तीन शब्द उच्चारले, तर ऐकणाऱ्याला ते ओळखणे अवघड जाते. गोधडी उच्च कंपने शोषून घेते व स्वर तेवढा पलीकडे जाऊ देते. सदोष ध्वनियोजना अशीच एक गोधडी असते. ती दूर करण्याचे काम आज विवर्धकातच बसविलेले एक गणनायंत्र करते. त्याचे कार्य कसे चालते, हे या पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

विवर्धकाचे मूळ कार्य

ज्याला आपण व्यवहारात अँप्लिफायर म्हणतो, तो विवर्धक. मायक्रोफोनमधून निघणारा विद्युत्‌संकेत व्होल्टच्या काही हजारांश भागांइतका दुबळा असतो. मोठा ध्वनिक्षेपक, म्हणजेच लाउडस्पीकर, हलविण्यासाठी मात्र दहापट-वीसपट नव्हे, तर हजारो पट अधिक दाब लागतो. ८ ओहम रोधाच्या ध्वनिक्षेपकाला ४० व्होल्टचा दाब दिला, तर त्यातून ५ अँपिअर प्रवाह वाहतो व २०० वॉट शक्ती खर्च होते. ही शक्ती मायक्रोफोनमधून येत नाही. ती विजेच्या पुरवठ्यातून येते. दुबळा संकेत फक्त त्या पुरवठ्याचा दरवाजा किती उघडावा हे ठरवितो. कालव्याचा दरवाजा एक मनुष्य हाताने फिरवितो, परंतु पाण्याचा जोर धरणाचा असतो, तसेच हे आहे.

असा दरवाजा प्रथम निर्वात नलिकेच्या रूपाने लाभला. अमेरिकन संशोधक ली द फॉरेस्ट यांनी १९०६ साली अशी नलिका सिद्ध केली. १९१९ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी सॅन दिएगो येथील क्रीडांगणात सुमारे ५०,००० श्रोत्यांपुढे भाषण केले, ते नलिकांच्या विवर्धकाच्या साहाय्याने. १९२७ साली हॅरॉल्ड ब्लॅक या अभियंत्याने एक महत्त्वाची कल्पना मांडली. विवर्धकाच्या फलिताचा अल्पसा भाग उलटा करून परत प्रवेशद्वाराशी आणावा, म्हणजे मूळ संकेत व फलित यांतील तफावत आपोआप कमी होत जाते. पुढे १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला व नलिकांची जागा हळूहळू त्याने घेतली.

या साऱ्या कालखंडात आदर्श एकच होता: जसे येईल तसेच, परंतु मोठे करून द्यावे. हा आदर्श बव्हंशी साध्यही झाला. तथापि पुढे जोडलेला ध्वनिक्षेपक आदर्श नसतो, आणि ज्या सभागृहात तो टांगलेला असतो ते तर मुळीच नसते. निर्दोष विवर्धक त्यांचे दोष जसेच्या तसे मोठे करून श्रोत्यांपुढे मांडतो. केवळ शक्ती वाढविणे हा त्यावर उपाय नव्हे. १०० वॉटच्या जागी २०० वॉट दिले, तर ध्वनीची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटावा, तर शक्ती सुमारे दहापट करावी लागते. म्हणून शक्ती देण्यापूर्वी संकेताला योग्य आकार देणे अधिक शहाणपणाचे ठरते.

ध्वनीचे अंकांत रूपांतर

आकार देण्याचे काम पूर्वी वेटोळी, संधारित्रे व रोधक यांची वेगळी उपकरणे करीत असत. आज ते अंकांच्या साहाय्याने होते. विवर्धकात शिरताच संकेताची उंची ठराविक अंतराने मोजली जाते. बहुधा सेकंदाला ४८,००० वेळा. माणसाचा कान अधिकात अधिक २०,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकतो. सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी केली, तर त्या मोजमापांवरून मूळ लहर पुन्हा उभी करता येते. हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ मधील व क्लॉड शॅनन यांच्या १९४९ मधील लेखनाने या नियमाचा पाया घातला. प्रत्येक मोजमाप २४ द्विमान अंकांत लिहिले, तर उंचीच्या १,६७,७७,२१६ पायऱ्या उपलब्ध होतात.

अंकांवर क्रिया करून ध्वनीची गाळणी कशी होते, हे एका सोप्या उदाहरणाने कळेल. शेजारच्या दोन मोजमापांची सरासरी काढावी, एवढाच नियम घेऊ. हळू बदलणारी लहर १०, १२, १४, १६ अशी असेल, तर सरासरी ११, १३, १५ अशी येते. लहर जवळजवळ तशीच राहिली. परंतु अतिशय जलद लहर ५, −५, ५, −५ अशी असेल, तर सरासरी प्रत्येक वेळी शून्य येते. म्हणजे मंद कंपने पार झाली व जलद कंपने अडली. केवळ बेरीज व भागाकार यांतून गाळणी तयार झाली!

प्रत्यक्षातील गाळणी याहून कुशल असते. ती चालू व मागील मोजमापे, तसेच आपली मागील उत्तरे, यांना ठराविक संख्यांनी गुणून त्यांची बेरीज करते. नेहमीच्या एका गाळणीला प्रत्येक मोजमापामागे पाच गुणाकार लागतात, म्हणजे सेकंदाला २,४०,०००. चार मार्गांच्या विवर्धकात प्रत्येक मार्गावर दहा गाळण्या ठेवल्या, तर गुणाकारांची संख्या सेकंदाला ९६,००,००० होते. १९८३ साली बाजारात आलेली टीएमएस ३२०१० ही अंकीय संकेतांवर क्रिया करणारी चकती सेकंदाला सुमारे ५०,००,००० आज्ञा पाळू शके. तिला एकटीला हा भार पेलला नसता. आजच्या चकत्या तो सहज वाहतात.

गणिताची चार कामे

पहिले काम विभागणीचे. खालचे स्वर निर्माण करण्यास मोठा शंकू लागतो, तर वरच्या कंपनांसाठी लहान व हलके पटल. म्हणून संकेताचे दोन किंवा तीन भाग करून प्रत्येक भाग स्वतंत्र विवर्धकमार्गाने योग्य त्या ध्वनिक्षेपकाकडे पाठवितात. जेथे एक पटल थांबते व दुसरे सुरू होते, तेथे दोहोंची बेरीज सपाट यावयास हवी. सीगफ्रीड लिंकविट्झ व रस रायली यांची १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेली रचना यासाठी आजही सर्वत्र वापरली जाते. सीमेवर दोन्ही बाजूंना संकेत निम्मा होतो व दोन्ही अर्धे भाग पावलाला पाऊल मिळवून चालतात. त्यामुळे त्यांची बेरीज बरोबर एक भरते.

दुसरे काम समतोलाचे. ध्वनिक्षेपक काही कंपने अधिक जोराने देतो, तर काही दाबून टाकतो. प्रयोगशाळेत मोजणी करून त्याच्या नेमका उलटा आकार गणनायंत्रात साठवून ठेवतात. जेथे उंचवटा आहे तेथे संकेत घटवावयाचा, जेथे खळगा आहे तेथे थोडा वाढवावयाचा. 'सात' मधील 'स' आणि 'त' यांना त्यांचे स्थान परत मिळते ते प्रामुख्याने येथे.

तिसरे काम विलंबाचे. आपल्याकडील उबदार हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर चालतो. तारेतील संकेत मात्र जवळजवळ तत्क्षणी पोहोचतो. समजा, मंचाजवळील ध्वनिक्षेपकापासून ३४.५ मीटर अंतरावर मागील श्रोत्यांसाठी दुसरा ध्वनिक्षेपक लावला आहे. मागच्या श्रोत्याला प्रथम जवळचा ध्वनी ऐकू येतो आणि एक दशांश सेकंदाने मंचाकडून तोच शब्द पुन्हा येतो. एक अक्षर दुसऱ्यावर चढते. यावर उपाय असा, की मागील ध्वनिक्षेपकाचा संकेत ४,८०० मोजमापे स्मृतिकोशात थांबवून मगच सोडावा. त्यात आणखी एक शतांश सेकंद मिळविला, तर ध्वनी मंचाकडूनच येत असल्याचा भास होतो. हेल्मुट हास यांनी १९४९ साली जर्मनीतील गॉटिंगेन येथे दाखवून दिले, की अगदी अल्प अंतराने आलेल्या दोन सारख्या ध्वनींपैकी जो प्रथम येतो त्याच्या दिशेवर कान विश्वास ठेवतो.

चौथे काम मर्यादा राखण्याचे. विवर्धकाची धाव ४० व्होल्टपर्यंत असता संकेताने ६० व्होल्ट मागितले, तर लहरीचा माथा सपाट कापला जातो. त्यातून मूळ ध्वनीत नसलेली उच्च कंपने उत्पन्न होतात. आवाज फाटतो आणि नाजूक पटलांना इजा पोहोचते. गणनायंत्र संकेत क्षणमात्र रोखून धरते, येणारे शिखर आधीच पाहते आणि ते पोहोचण्यापूर्वीच संकेत किंचित घटविते.

एकाच पेटीत का?

ही चारही कामे वेगळ्या पेटीत करता येतात आणि पूर्वी तशी होतही असत. एकत्र बसविण्याचा खरा लाभ असा, की गणनायंत्राला विवर्धकाची प्रकृती आतून कळते. साधा शंकूचा ध्वनिक्षेपक मिळालेल्या शक्तीतील शंभरांपैकी जेमतेम काही भागच ध्वनीत रूपांतरित करतो; उरलेल्या शक्तीची त्याच्या वेटोळ्यात उष्णता होते. फार तापल्यास वेटोळे जळते. त्यास तापमापक लावणे शक्य नसते. परंतु तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. विवर्धक बाहेर जाणारा दाब व प्रवाह मोजतो, ओहमच्या नियमाने रोध काढतो, आणि रोध ४० टक्क्यांनी वाढलेला दिसला, की वेटोळे सुमारे १०० अंशांनी तापले असे ओळखून शक्ती हळूहळू कमी करतो. रोध अकस्मात फार वाढला तर तार तुटली, फार घटला तर कोठेतरी दोन तारा चिकटल्या, हेही त्याला समजते.

शेवटच्या शक्तिविभागातही पालट झाला आहे. जुन्या पद्धतीत ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे राहत आणि पुष्कळ वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाई. त्यातील एका प्रचलित प्रकाराची कार्यक्षमता आदर्श स्थितीतही ७८.५ टक्क्यांपलीकडे जात नाही. नव्या पद्धतीत ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण उघडा असतो, नाहीतर पूर्ण बंद. ही उघडझाप सेकंदाला काही लाख वेळा होते. उघडे राहण्याचा काळ संकेताच्या उंचीप्रमाणे कमी-अधिक केला जातो आणि अखेरीस वेटोळे व संधारित्र यांची गाळणी त्यातून सलग लहर उभी करते. येथे कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या पुढे जाते. म्हणूनच हजारो वॉटचा विवर्धक आज एका माणसाला उचलून नेता येतो.

गणिताची सीमा

एवढे सामर्थ्य असूनही या यंत्राला सर्व काही साधत नाही. अमेरिकेतील हार्व्हर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातील व्याख्यानगृहात एक शब्द उच्चारला, की तो साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राही. १८९५ साली वॉलेस सेबाइन यांनी तेथे प्रयोग आरंभिले व नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून त्या खोलीत मांडल्या, तेव्हा गाद्यांच्या संख्येबरोबर घुमणे घटत गेले. भिंतींत साचलेला असा निनाद विवर्धकातील कोणतेही गणित परत बोलावू शकत नाही. त्यासाठी ध्वनी शोषणारे छत हवे, ध्वनिक्षेपक श्रोत्यांच्या जवळ हवेत आणि त्यांचे तोंड भिंतीकडे नव्हे, तर माणसांकडे हवे.

दुसरी सीमा कानाची आहे. अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास सुसह्य मानतात, आणि दर ३ डेसिबलला हा काळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे उरतात. भारतातील ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनुसार निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही प्रमाणे ठरलेली आहेत. विवर्धकात कमाल पातळीची मर्यादा घालून ती सांकेतिक शब्दाने कुलूपबंद करता येते. मात्र तो आकडा किती ठेवावयाचा, हे यंत्र ठरवीत नाही. ते काम चालविणाऱ्या माणसाचे आहे. ध्वनियोजनेची परीक्षा आवाज किती दूर गेला यावरून करू नये. शेवटच्या रांगेतील श्रोत्याला 'सात' हा शब्द 'सात' असाच ऐकू आला, आणि पहिल्या रांगेतील श्रोत्याला कानांवर हात ठेवावे लागले नाहीत, तर ती योजना चांगली समजावी.