फुटेज द्या, पण कागदावर

बेकरी असो, गॅरेज असो, यंत्रमागाचा कारखाना असो की चार मशीनचा शिलाई वर्ग, कॅमेरा आता सगळीकडे आला आहे. चोरीच्या भीतीने आपण तो बसवतो आणि विसरून जातो. मग एखाद्या दिवशी समोरच्या रस्त्यावर काही घडते आणि पोलीस दारात येऊन फुटेज मागतात. अशा वेळी आपली माणसे दोनपैकी एक गोष्ट करतात. कुणी घाबरून सगळे पुसून टाकतो, तर कुणी घाबरूनच अख्खा डीव्हीआर काढून हातात देतो. आमच्या मते दोन्ही चुकीचे.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची बेकरी आहे. शेजारच्या गल्लीत मोबाईल चोरीला गेला, त्याची चौकशी करायला रात्री एक शिपाई आला. "क्लिप माझ्या मोबाईलवर टाक," म्हणाला. मुलाने टाकली. कागद नाही, नोंद नाही. दोन दिवसांत ती क्लिप मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागली आणि त्यात दिसणारा, पाव घ्यायला आलेला एक पोरगा लोकांनी चोर ठरवून टाकला. क्लिप बाहेर कुणी सोडली, हे शेवटपर्यंत कळले नाही. कळणार कसे? कुणी कुणाला काय दिले, याचा पुरावाच नव्हता. पुढे खरा चोर सापडला, पण त्या पोराच्या अम्मीने महिनाभर शेजारपाजार सोडला होता.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 नुसार न्यायालय समन्स काढून, किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश देऊन, तपासाला लागणारी वस्तू मागू शकतो. हा आदेश ऑनलाइनही येऊ शकतो. म्हणजे "साहेब, लेखी द्या, लगेच काढून देतो" असे म्हणणे हा उद्धटपणा नव्हे. आवाज नरम ठेवून म्हणावे, एवढेच. पोलिसांना जप्तीचाही अधिकार आहे, त्यामुळे ते डीव्हीआर नेऊ लागले तर अडवू नये. मात्र जप्तीची यादी करून त्यावर साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या असतात आणि या सगळ्याचे चित्रीकरण करायचे असते, असे कलम 105 सांगते. पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी.

पण मग द्यावेच कशाला, असा प्रश्न घराघरात निघतो. निरपराध माणसाला वाचवायलाही तेच लागते म्हणून. वाराणसीच्या एका हॉटेलात 2010 मध्ये एका इटालियन पर्यटकाचा मृत्यू झाला आणि त्याच्या दोन सोबत्यांना खुनासाठी जन्मठेप झाली. हॉटेलात कॅमेरे होते, तरी फुटेज न्यायालयात आलेच नाही. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमके यावर बोट ठेवले आणि दोघांना निर्दोष सोडले. तोवर त्यांची कितीतरी वर्षे तुरुंगात गेली होती. आपली पोरे नुसत्या संशयावर उचलली जातात, ही तक्रार आपण नेहमी करतो. त्या वेळी तो मुलगा तुमच्या कारखान्यात कामावर होता, हे दाखवणारा कॅमेरा तुमचाच असतो. साक्ष लपवू नये, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

दिलेले फुटेज न्यायालयात टिकायला प्रमाणपत्र लागते. आपल्या जालन्याच्या निवडणुकीचा वाद यावरच गाजला. अर्ज वेळेत आले की नाही, यासाठी निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले चित्रीकरण पुढे आले होते. मूळ यंत्र हजर करता येत नसेल तर प्रमाणपत्र हवेच, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये या खटल्यात सांगितले. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 मध्ये त्याचे दोन भाग आहेत. एक यंत्र सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. पहिला भाग तुमच्या वाट्याला येतो, म्हणून वाचल्याशिवाय सही करू नका.

आणखी एक. कॅमेऱ्यात आपले कामगार असतात, शिलाईला येणाऱ्या मुली असतात, उधारी मागायला आलेली एखादी विधवा असते. त्यांचे चित्र ही आपल्याकडची अमानत आहे. म्हणून आदेशात ज्या तारखेचे, ज्या वेळेचे आणि ज्या कॅमेऱ्याचे फुटेज मागितले आहे तेवढेच पेन ड्राइव्हवर द्यावे, पोच घ्यावी आणि एक प्रत जपून ठेवावी. भावाला, जावयाला, ग्रुपवर, कुणालाही पाठवू नये.

डीव्हीआरची डिस्क भरली की जुने आपोआप पुसले जाते. कुठे 15 दिवसांत, कुठे महिन्याभरात. परिसरात काही घडल्याचे कळले तर पोलिसांची वाट न पाहता त्या दिवसाचे फुटेज वेगळे काढून ठेवावे. आणि जमले तर आजच डीव्हीआरवरचे घड्याळ मोबाईलशी ताडून पाहा. वीज जाऊन जाऊन ते बहुतेक ठिकाणी चुकलेले असते.