मोटारींतील डॅशकॅम : त्याचीं दुखणीं आणि त्याच्या कार्डाची निगा

रशियांतील चेल्याबिन्स्क शहराच्या आकाशांत १५ फेब्रुवारी २०१३ रोजीं सकाळीं एक उल्का फुटली. तिचा व्यास सुमारें २० मीटर होता. स्फोटाच्या धक्क्यानें असंख्य खिडक्यांच्या कांचा फुटल्या व सुमारें १,५०० माणसें जखमी झालीं. असे प्रसंग पूर्वसूचना देऊन येत नाहींत, आणि त्यांचें चित्र टिपण्यास कोणी सज्ज होऊन बसलेलें नसतें. तथापि या उल्केचीं अनेक चलच्चित्रें जगानें पाहिलीं. इतकेंच नव्हे, तर त्या चित्रांच्या आधारें शास्त्रज्ञांनीं तिचा आकाशांतील मार्ग व सूर्याभोंवतालची तिची कक्षाहि गणितानें काढली. यांतील पुष्कळशीं चित्रें कोणीं हेतुपुरस्सर घेतलीं नव्हतीं. नित्याच्या कामास निघालेल्या लोकांच्या मोटारींत पुढील कांचेशीं बसविलेले छोटे कॅमेरे आपलें रोजचें काम करीत होते. त्यांत तीं आपोआप उमटलीं.

हा कॅमेरा म्हणजेच डॅशकॅम. मुंबई, पुणें, नागपूर अशा शहरांतील मोटारींतहि तो आतां सर्रास दिसूं लागला आहे. चौकांत लाल दिवा असतांना कोण पुढें घुसलें, घाटांत कोणीं वळणावर आपली बाजू सोडली, असा वाद उपस्थित झाला म्हणजे त्याचा शब्द मोलाचा ठरतो. परंतु ज्या दिवशीं त्याची साक्ष हवी असते, नेमक्या त्याच दिवशीं ती निघत नाहीं, असाहि अनुभव अनेक कुटुंबांस येतो. कॅमेऱ्यावरील दिवा रोज लुकलुकत असतो, पडद्यावर समोरचा रस्ता दिसत असतो. आणि कार्ड काढून पहावें, तों शेवटची नोंद तीन महिन्यांपूर्वींची! असें कां व्हावें? याचें उत्तर बहुधा कॅमेऱ्यांत नसून त्याच्या पोटांतील नखाएवढ्या मेमरी कार्डांत असतें.

डॅशकॅमचें काम रहाटगाडग्यासारखें चालतें. तो चित्राचे एक, तीन किंवा पांच मिनिटांचे तुकडे करून ते एकामागून एक कार्डावर सांठवितो. कार्ड भरलें कीं तो थांबत नाहीं. सर्वांत जुना तुकडा पुसून त्या जागीं नवा लिहितो. मोटारीस जोराचा धक्का बसला तर आंतील धक्कामापक तो जाणतो आणि त्या वेळचा तुकडा पुसला जाऊं नये म्हणून त्यास कुलूप घालतो. म्हणजे या कार्डावर अहोरात्र लिहिणें व पुसणें चालू असतें. मोबाइल फोनमधील किंवा हौशी छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यांतील कार्डावर असा भार कधींच पडत नाहीं.

आतां हें कार्ड म्हणजे काय, तें पाहूं. त्यांत फ्लॅश जातीची स्मृति असते. जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनीं तोशिबा कंपनींत असतांना १९८० नंतरच्या दशकांत तिचा शोध लावला. तींत कोट्यवधि सूक्ष्म कोठड्या असतात. प्रत्येक कोठडींत विद्युत्‌भार कोंडून ठेवला जातो व त्या भाराच्या प्रमाणावरून माहिती वाचली जाते. भार आंत घालतांना व बाहेर काढतांना तो एका अत्यंत पातळ विद्युत्‌रोधक पडद्यांतून ढकलावा लागतो, आणि दर खेपेस तो पडदा किंचित् झिजतो. कागदावर पेन्सिलीनें लिहून रबरानें पुसलें, पुन्हां लिहिलें, पुन्हां पुसलें, तर शेवटीं कागदच विरतो. तसाच हा प्रकार आहे. सामान्य कार्डांतील कोठडी कांहीं शें ते कांहीं हजार वेळां असें लिहिणें-पुसणें सोसते. पुढें ती भार धरून ठेवीनाशी होते.

थोडा हिशेब केला तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. कॅमेरा दर सेकंदास २ मेगाबाइट या गतीनें लिहीत आहे असें धरूं. म्हणजे एका तासांत ७.२ गिगाबाइट झाले. ६४ गिगाबाइटांचें कार्ड सुमारें नऊ तासांत भरेल. मोटार रोज दोन तास चालत असेल, तर तें कार्ड वर्षांत सुमारें ८२ वेळां पूर्णपणें नव्यानें लिहिलें जाईल. हा भार फार नाहीं. परंतु मोटार उभी असतांनाहि दिवसरात्र सलग नोंद होत राहील अशी व्यवस्था केली, तर तेंच कार्ड वर्षांत सुमारें ९८५ वेळां लिहिलें जाईल. आणि ३२ गिगाबाइटांचें कार्ड असेल, तर त्याच्या दुप्पट वेळां! दोन शेजाऱ्यांनीं एकाच दिवशीं एकच कार्ड घेतलें असतां एकाचें वर्षानुवर्षें टिकतें व दुसऱ्याचें वर्षभरांत निकामी होतें, याचें रहस्य येथें आहे. मोठें कार्ड घेतल्यानें केवळ जागाच वाढते असें नाहीं. झीज अधिक कोठड्यांत वांटली जाऊन आयुष्यहि वाढतें.

कार्ड विकत घेतांना एक गैरसमज टाळावयास हवा. कार्डावर १० चा आंकडा असलेलें वर्तुळ, ‘यू’ अक्षरांतील १ वा ३, किंवा ‘व्ही ३०’ अशीं चिन्हें असतात. तीं लिहिण्याची किमान गति सांगतात. वर्तुळांतील १० म्हणजे सेकंदास १० मेगाबाइट. ‘यू ३’ आणि ‘व्ही ३०’ म्हणजे ३०. परंतु कार्ड किती काळ टिकेल, याविषयीं हीं चिन्हें मुकीं असतात. घोडा वेगानें धांवतो एवढ्यावरून तो किती कोस चालेल हें ठरत नाहीं. यासाठीं ‘हाय एन्ड्युरन्स’ म्हणजे दीर्घकाळ सतत लेखन सोसणारें म्हणून विकलें जाणारेंच कार्ड घ्यावें. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तकांत जास्तींत जास्त किती गिगाबाइटांचें कार्ड चालतें तें दिलेलें असतें. ती मर्यादा ओलांडूं नये. फारच स्वस्तांत मिळणारें मोठें कार्ड पुष्कळदां बनावट असतें. आंत १६ गिगाबाइट आणि वर १२८ चें लेबल, असा तो मामला असतो. अशा कार्डावर लिहिलें जात आहे असें वाटतें, पण मर्यादेपलीकडची नोंद नाहींशी होते. नवें कार्ड संगणकावर तपासणाऱ्या प्रोग्रामनें एकदां पूर्ण भरून व वाचून पाहिलें, म्हणजे लबाडी तत्काळ उघडकीस येते.

आतां प्रत्यक्ष बिघाडांकडे वळूं. वैद्य जसा लक्षणांवरून रोग ओळखतो, तसेंच येथेंहि करावें. आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलून पहावी. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कोणाचा होता, हें कधींच कळत नाहीं.

कॅमेरा मुळींच सुरू होत नसेल, तर कॅमेऱ्यास दोष देण्यापूर्वीं वीज तेथवर पोंचते कीं नाहीं तें पहावें. त्याच सॉकेटमध्यें दुसरा चार्जर लावून फोन चार्ज होतो का? होत नसेल, तर सॉकेटचा फ्यूज उडाला असण्याचा संभव आहे. होत असेल, तर कॅमेऱ्याची केबल किंवा तिचें टोंक तपासावें. कॅमेऱ्यासोबत आलेलाच चार्जर वापरावा हें उत्तम. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते, कॅमेऱ्यास सामान्यतः ५ व्होल्ट लागतात. मधला चार्जर हलका असला, कीं कॅमेऱ्यास पुरेसा प्रवाह मिळत नाहीं.

कॅमेरा सुरू होऊन पुन्हां पुन्हां बंद पडत असेल, तर कार्ड काढून तो नुसताच चालवून पहावा. कार्डावांचून तो स्थिर चालला, तर दोष कार्डाचा आहे असें समजावें. तरीहि बंद पडत असेल, तर दोष विजेचा किंवा खुद्द कॅमेऱ्याचा. पडदा गोठून कोणतीच कळ चालेनाशी झाली असेल, तर कॅमेऱ्याच्या अंगावरील ‘रीसेट’चें बारीक छिद्र शोधून त्यांत टांचणीचें टोंक हलकेंच दाबावें.

‘कार्ड भरलें’ अशी सूचना येऊन नोंद थांबली, तर दोन कारणें संभवतात. एक तर जुने तुकडे आपोआप पुसण्याची सोय बंद असेल. दुसरें कारण अधिक गंमतीचें आहे. धक्कामापक फार हळवा ठेवलेला असला, तर पावसाळ्यांतील प्रत्येक खड्डा त्यास अपघात वाटतो. तो दर खड्ड्यास एका तुकड्याला कुलूप घालतो, आणि महिना-दोन महिन्यांत सारें कार्ड कुलुपबंद तुकड्यांनीं भरून जातें. धक्कामापकाची संवेदना ‘मंद’ वर आणणें, हा यावर उपाय.

‘कार्डांत दोष’ अशी सूचना आली, किंवा तुकड्यांमध्यें कांहीं सेकंदांचीं खिंडारें आढळलीं, तर हवी असलेली चित्रें प्रथम संगणकावर उतरून घ्यावींत व कार्ड कॅमेऱ्यांतच फॉरमॅट करावें. संगणकावर केलेलें फॉरमॅट कॅमेऱ्यास मानवेलच असें नाहीं. फॉरमॅट केल्यानें कुलुपबंद तुकडेहि नाहींसे होतात, हें विसरूं नये. हीच सूचना थोड्या दिवसांत पुन्हां आली, तर कार्डाची घटका भरली असें समजून तें बदलावें. तेथें काटकसर उपयोगाची नाहीं.

दिनांक व वेळ चुकत असेल, तर ती क्षुल्लक बाब मानूं नये. चुकीच्या वेळेची साक्ष लंगडी पडते. उपग्रहावरून वेळ घेणाऱ्या कॅमेऱ्यांत भारतासाठीं साडेपांच तास पुढें अशी योजना करावी लागते. इतर कॅमेऱ्यांत वेळ वारंवार मागें जात असेल, तर आंतील छोटी बॅटरी क्षीण झालेली असते. चित्र धुरकट दिसत असेल, तर भिंगावरील संरक्षक पापुद्रा काढला आहे ना, तें प्रथम पहावें. नंतर मोटारीची कांच आंतून पुसावी. रात्रीं समोरच्या दिव्यांचे मोठे फुलोरे दिसतात, ते पुष्कळदां या आंतल्या मळामुळेंच.

उष्णता हा या यंत्राचा मोठा शत्रु होय. मे महिन्यांत उन्हांत उभ्या केलेल्या बंद मोटारींत, पुढील कांचेजवळ तपमान ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत चढूं शकतें. लिथियम बॅटरी असलेला कॅमेरा अशा उष्णतेंत फुगतो. म्हणून विदर्भ-मराठवाड्यासारख्या प्रदेशांत बॅटरीऐवजीं सुपरकपॅसिटर असलेला कॅमेरा घेणें श्रेयस्कर. मोटार बंद होतांच चालू तुकडा नीट मिटवून ठेवण्यास लागणारी कांहीं सेकंदांची वीज हाच भाग पुरवितो. तो निकामी झाला, कीं प्रत्येक प्रवासाचा शेवटचा तुकडा अर्धवट राहतो व उघडत नाहीं. आणि अपघातांत वीज तुटली, तर हवा असलेला तुकडा नेमका तोच असतो.

निगा राखण्यास फारसे कष्ट नाहींत. आठवड्यांतून एकदां कालचा एखादा तुकडा उघडून पहावा. दिवा लुकलुकतो यावर विश्वासूं नये. महिन्यांतून एकदां, हवें तें उतरून घेऊन, कार्ड फॉरमॅट करावें. कॅमेरा पूर्ण बंद झाल्यावांचून कार्ड काढूं नये. तें इतर कामास वापरूं नये. मोटारीचें टायर झिजलें म्हणून कोणी कंपनीवर रागावत नाहीं; तें झिजणारच, हें सर्वांस ठाऊक असतें. कार्डहि त्याच जातीचें आहे. तें बसविल्याचा दिनांक मोटारीच्या कागदपत्रांत टिपून ठेवावा व झिजण्याआधींच तें बदलावें.

आणि दुर्दैवानें प्रसंग ओढवलाच, तर जखमी माणसांची व्यवस्था आधीं. ती होतांच कॅमेरा बंद करून कार्ड काढावें; नाहीं तर रहाट फिरत राहील आणि कुलूप न पडलेली महत्त्वाची नोंद पुसली जाईल. घरीं संपूर्ण कार्डाची प्रत घ्यावी, मूळ कार्ड तसेंच लिफाफ्यांत जपून ठेवावें, व कॅमेऱ्यांत नवें कार्ड घालावें. मूळ तुकड्यांस कात्री लावूं नये, त्यांचीं नांवेंहि बदलूं नयेत. कार्ड चुकून फॉरमॅट झालें असेल, तर त्यावर पुढें कांहींहि लिहूं न देतां तें जाणकाराकडे न्यावें. नवें लिहिलें जाईपर्यंत जुनें परत मिळण्याची आशा असते.

ही सावधगिरी कायद्याच्या दृष्टीनेंहि आवश्यक आहे. जालना मतदारसंघांतील निवडणुकीवरून उद्भवलेल्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं निर्वाळा दिला कीं, मूळ उपकरणच मालकानें स्वतः साक्ष देऊन हजर केलें तर निराळ्या प्रमाणपत्राची गरज नाहीं. परंतु प्रत हजर करावयाची असेल, तर तें हवें. तो निर्वाळा १८७२ च्या पुरावा कायद्याखालील होता. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला आहे. त्याच्या ६३ व्या कलमाखालील प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत : एक पक्षकारानें भरावयाचा व दुसरा तज्ज्ञानें. त्यांत फाइलची खूण पटविणारें हॅश-मूल्य नमूद करावें लागतें. फाइलींत एका अक्षराएवढा बदल झाला तरी तें मूल्य बदलतें. सारांश, मूळ कार्ड जितकें अस्पर्शित, तितकी साक्ष बळकट.

न्यायालयांत माणसाच्या साक्षीची उलटतपासणी होते. या यंत्राच्या साक्षीची तपासणी मात्र घरधन्यानें आधींच, आणि वरचेवर, करावयाची असते. आठवड्याचीं दोन मिनिटें तीस पुरतात. तेवढीं दिलीं, म्हणजे गरजेच्या दिवशीं कार्ड कोरें निघण्याचा धोका पुष्कळच टळतो.