परांडा किल्ल्याला मुघलांनी वेढा का घातला होता?

धाराशिव जिल्ह्यातल्या परांडा किल्ल्याला १६३१ मध्ये मुघलांनी वेढा घातला. त्यामागे होतं त्यांच्याच सेनापतीचं बंड!

खानजहान लोदी हा जहांगीरचा लाडका सरदार आणि दख्खनचा सुभेदार. त्याने बालाघाटचा मुलूख निजामशहाला देऊन टाकला. १६२८ मध्ये शाहजहान गादीवर आला, तेव्हा दोघांचाही एकमेकांवर विश्वास नव्हता. १६२९ मध्ये लोदी आग्र्याहून पळाला आणि निजामशहाच्या आश्रयाला आला. त्याच्या मागोमाग बादशाही फौजाही दख्खनेत उतरल्या.

१६३१ च्या सुरुवातीला उत्तरेकडे पळताना लोदी मारला गेला. तोवर मुघलांनी धारूर जिंकलं होतं. मग मोर्चा परांड्याकडे वळला. पण दुष्काळात घोड्यांना चारा मिळेना, म्हणून वेढा उठवावा लागला.

परांडा वाचला, निजामशाही मात्र नाही. १६३३ मध्ये दौलताबादही पडलं.