चाल कुणाची, चूक कुणाची? जॅरेड गॉफचे दहा मोसम

अमेरिकन फुटबॉलमध्ये एखाद्या संघाचं पासिंग अडखळलं की चाहत्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, क्वार्टरबॅकच कच्चा आहे. दुसरा म्हणतो, मैदानाबाहेरून चाली सांगणाऱ्या कोचचंच डोकं चालत नाही. याचा निकाल लावायचा तर एकच क्वार्टरबॅक वेगवेगळ्या कोचांच्या हाताखाली खेळवून पाहायला हवा. जॅरेड गॉफच्या बाबतीत २०१६पासून तेच घडत आलं आहे.

सेंट लुईसहून लॉस एंजेलिसला परतलेल्या रॅम्सनी त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. कोच जेफ फिशर. गॉफ सात सामन्यांत सुरुवातीपासून खेळला आणि संघ सातही हरला. टचडाउन पाच, इंटरसेप्शन सात. मोसमभरात रॅम्सचे गुण २२४, लीगमध्ये सर्वांत कमी. डिसेंबरात फिशर यांची गच्छंती झाली. गॉफ वाया गेला, असंही लोक बोलू लागले.

मग तीस वर्षांचा शॉन मॅकव्हे कोच झाला. २०१७मध्ये त्याच गॉफनं २८ टचडाउन पास दिले, इंटरसेप्शन फक्त सात. रॅम्सचे ४७८ गुण लीगमध्ये सर्वाधिक ठरले. कोचच्या बाजूचा तट इथे टाळ्या वाजवतो. पण त्याच वर्षी डाव्या टॅकलला अँड्र्यू व्हिटवर्थ आला होता, रॉबर्ट वूड्स आणि कूपर कप हे रिसीव्हरही नवे होते. सगळं श्रेय एकट्या मॅकव्हेच्या खात्यावर टाकता येत नाही.

गॉफच्या टीकाकारांना आवडणारी गोष्ट वेगळी होती. कोचचा आवाज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये पोहोचतो, पण चाल सुरू करण्यासाठी दिलेल्या वेळेचे पंधरा सेकंद उरले की तो तुटतो. मॅकव्हे संघाला घाईनं रेषेवर उभं करायचा, बचावाची मांडणी पाहायचा आणि आवाज तुटण्याआधी गॉफला काय करायचं ते सांगायचा. म्हणून गॉफ म्हणजे कळसूत्री बाहुली, असा आरोप झाला. मला तो अर्धाच पटतो. सांगितलेली चाल चार धिप्पाड माणसं अंगावर येत असताना वेळेवर आणि अचूक फेकणं बाहुलीला जमत नाही.

उरलेला अर्धा भाग मात्र फेब्रुवारी २०१९च्या सुपर बोलमध्ये उघडा पडला. बिल बेलिचिकच्या पेट्रियट्सनी नेहमीचा माणसामागे माणूस लावणारा बचाव बराचसा बाजूला ठेवला आणि झोन खेळले. मॅकव्हेला उत्तर सापडलं नाही, आणि नंतर त्यानं ते कबूलही केलं. तरी तिसऱ्या सत्रात ब्रँडिन कुक्स एंड झोनमध्ये पूर्ण मोकळा होता. चालीनं आपलं काम केलं होतं. गॉफनं त्याला उशिरा पाहिलं, चेंडू उशिरा सुटला आणि जेसन मॅकोर्टीनं धावत येऊन तो हाणून पाडला. पुढे स्टीफन गिलमोरनं गॉफचा पास पकडला. निकाल १३-३. चाल सांगणारा सामनाभर चुकला असेल, पण हा एक डाव निखालस गॉफचा.

जानेवारी २०२१मध्ये रॅम्सनी गॉफ आणि पहिल्या फेरीचे दोन पिक डेट्रॉइट लायन्सला देऊन मॅथ्यू स्टॅफर्डला घ्यायचं ठरवलं. स्टॅफर्डनं पहिल्याच मोसमात सुपर बोल जिंकून दिला. मॅकव्हेचीच चोपडी, क्वार्टरबॅक दुसरा. वाद मिटल्यासारखा वाटला.

पण डेट्रॉइटनं तो मिटू दिला नाही. २०२१मध्ये तिथे तीनच विजय मिळाले आणि मोसमाच्या मध्यात हेड कोच डॅन कॅम्पबेलनं चाली सांगण्याचं काम स्वतःकडे घेतलं. पुढच्या वर्षी ते बेन जॉन्सनकडे गेलं. गॉफला काय नीट जमतं, ते पाहून जॉन्सननं आक्रमण रचलं, आणि गॉफपुढची ऑफेन्सिव्ह लाइनही लीगमधल्या उत्तम लाइनांपैकी होती. जानेवारी २०२४मध्ये लायन्सनी स्टॅफर्डच्या रॅम्सना २४-२३ हरवून तीन दशकांनंतर प्लेऑफचा सामना जिंकला. २०२४च्या मोसमात पंधरा विजय, गॉफचे ३७ टचडाउन. तरी प्लेऑफमध्ये वॉशिंग्टनविरुद्ध त्याचे तीन पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले.

जॉन्सन शिकागोला गेल्यावर, २०२५च्या नोव्हेंबरात, कॅम्पबेलनं चाली पुन्हा स्वतःकडे घेतल्या. पहिल्या सामन्यात लायन्सनी ४४ गुण केले. आठवडाभरानं फिलाडेल्फियात, तोच सांगणारा आणि तोच फेकणारा असताना, फक्त नऊ. गॉफचे ३७पैकी १४ पास पूर्ण झाले आणि त्याचे अनेक चेंडू रेषेवरच अडवले गेले.

दहा मोसमांचा माझा हिशेब असा: मोसमातले बहुतेक सामने चाल सांगणारा आणि लाइन मिळून जिंकतात, ती चाल प्रतिस्पर्ध्याला आधीच उलगडली असेल, तर मात्र सगळा भार क्वार्टरबॅकवर येतो, आणि तिथे गॉफ कमी पडत आला आहे. फिलाडेल्फियाच्या बचावाचा सूत्रधार त्या रात्री विक फँजिओ होता. डिसेंबर २०१८मध्ये शिकागोच्या ज्या बचावानं गॉफचे चार पास पकडून रॅम्सना सहा गुणांवर रोखलं, तोही त्याचाच होता.