माहितीची वखार

निपाणीची तंबाखूची वखार ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचे मर्म सांगावयास नको. गावोगावचा माल तेथे येतो, त्याची प्रतवारी होते आणि योग्य वेळ येईपर्यंत तो जपून ठेवला जातो. संगणकशास्त्रानेही आपल्या एका कल्पनेस हेच नाव द्यावे, याची आम्हांस मौज वाटली. ‘डेटा वेअरहाउस’ म्हणजे माहितीची वखार. अमेरिकन तज्ज्ञ बिल इन्मन यांचा या विषयावरील ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाला आणि ही कल्पना उद्योगजगतात रूढ झाली.

कीर्द असताना ही वखार कशासाठी, असे वाचक विचारतील. कीर्दीत आजची विक्री आणि आजची उधारी उतरते. परंतु दहा वर्षांत कोणत्या गावचा माल कोणत्या महिन्यात काय भावाने गेला, हे एकट्या कीर्दीवरून चटकन उमगत नाही. त्यासाठी निरनिराळ्या वह्यांतील नोंदी एकत्र कराव्या लागतात. एकीत मण असतील, दुसरीत किलो. ते एका मापात आणावे लागतात. मग त्या विषयवार व वर्षवार रचावयाच्या आणि जुनी नोंद पुसावयाची नाही. खरेदी कोठे करावी, साठा किती ठेवावा, हे व्यापारी अशा संग्रहावरून ठरवितो.

पण हे बळ एकाच बाजूस असले तर? व्यापाऱ्याजवळ अनेक हंगामांच्या वह्या असतात आणि शेतकऱ्याजवळ एक पावती. रास्त भावासाठी १९८१ साली निपाणीचे तंबाखू-उत्पादक पुणे–बेंगलोर महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे बळी गेले. त्यांचे नेते शरद जोशी पूर्वी स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे जागतिक टपाल संघाच्या माहिती विभागाचे प्रमुख होते. उत्पादनखर्चावर आधारित भाव, ही त्यांची मागणी मुळात हिशेबाचीच होती.

म्हणून आमची एक विनंती आहे. बियाणे, खत, मजुरी, वजन आणि मिळालेला भाव यांची वही प्रत्येक शेतकरी घराने ठेवावी. घरातील शिकत्या मुलीकडे ती सोपवावी. दहा घरांनी एकाच मापात नोंदी केल्या, तर पाच वर्षांत गावाची स्वतःची वखार उभी राहील, आणि भाव ठरविताना शेतकऱ्याच्या हातीही काही पुरावा असेल.