समुद्रावरील चांचे-नभोवाणी

चांचे म्हटले म्हणजे तरवारी व लुटालूट आठवते. परंतु आम्ही सांगत आहों ते चांचे गाणीं वाजवीत.

१९६४ सालीं इंग्लंडांत नभोवाणीचा मक्ता एकट्या बी. बी. सी. कडे होता, आणि वादकसंघाशीं झालेल्या करारामुळें तबकड्या वाजविण्याचे तास मोजके असत. रॉक संगीतास आतुर झालेल्या तरुणांस तेवढें पुरेना. तेव्हां रोनन ओ'राहिली या आयरिश गृहस्थानें कायदा बारकाईनें वाचिला. ब्रिटिश हद्द किनाऱ्यापासून ३ मैल. त्यापलीकडे जहाज नांगरून त्यानें मार्चमध्यें 'रेडिओ कॅरोलाइन' सुरू केला. पाठोपाठ इतरही आले. 'रेडिओ लंडन'वर जॉन पील मध्यरात्रीनंतर नवीं गाणीं लावी, श्रोत्यांचीं पत्रें व कविता वाची; वडिलांच्या धाकास कंटाळलेल्या मुलांस तें आपलेंच घर वाटे. पालकांस तें रुचलें नसावें, आणि त्यांत सर्वस्वीं त्यांचाच दोष होता असें आम्हांस वाटत नाहीं.

जहाजांस हात लावतां येईना, म्हणून सरकारनें रसद तोडिली: १९६७ च्या ऑगस्टपासून त्यांस माल वा जाहिराती देणें, त्यांवर चाकरी करणें, हा ब्रिटिश प्रजाजनांस गुन्हा ठरला. बहुतेक केंद्रें मुकीं झालीं. परंतु ३० सप्टेंबरला बी. बी. सी. नें स्वतःच 'रेडिओ वन' हें तरुणांचें केंद्र काढिलें, आणि त्यावरील पहिला आवाज होता टोनी ब्लॅकबर्न यांचा, म्हणजे कालपर्यंतच्या एका चांच्याचा!