साऱ्या गाड्यांना एकच नंबर



बेणे, लागण, खोडवा याविषयी मी या पानावर नेहमी लिहितो. या खेपेस विषय कॉम्प्युटरचा आहे. शेतकी खात्याच्या माणसाने त्यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. पण तोडीचा प्रोग्रॅम आता कॉम्प्युटरमधूनच निघतो, आणि त्यात घोळ झाला की सभासद येतो तो गट ऑफिसलाच. तेव्हा लिहिणे भाग आहे.

गेल्या हंगामातली गोष्ट. गटातले एक वयस्कर सभासद, आपण त्यांना आबा म्हणू, जानेवारीच्या सुरुवातीस ऑफिसात आले. त्यांची लागण ऑक्टोबरातली, पूर्वहंगामी. नोंदीत ती जानेवारीची सुरू म्हणून पडली होती. तारखेप्रमाणे पाळी लागते, हे आपणांस सांगायला नको. डिसेंबरात त्यांनी तक्रार दिली, तक्रारीचा नंबरही त्यांना मिळाला.

“साहेब, तीन आठवडं झालं, बघायला कोण आलं न्हाई. म्या म्हटलं, तोडीच्या गडबडीत असतील तुमची माणसं.”

मी ती तक्रार उघडून पाहिली. शेरा होता ‘निकाली’. वेळ पहाटेची. निकाली काढणाराचे नाव ‘सेवा’. आमच्या खात्यात या नावाचे कोणी नाही.

कॉम्प्युटर विभागाकडे विचारता उलगडा झाला. तक्रार नोंदवायचे सॉफ्टवेअर एक, पण त्याला आणखी तीन प्रोग्रॅम जोडलेले आहेत. चिटबॉयच्या मोबाईलवरून नवी तक्रार येते, वजनकाट्याचा प्रोग्रॅम वजनाच्या तक्रारीला काटा पावतीचा आकडा जोडतो, आणि तिसरा सभासदांना मेसेज धाडतो. एका प्रोग्रॅमने दुसऱ्यात शिरायचे तर माणसासारखेच नाव आणि पासवर्ड लागतो. त्याला सर्व्हिस अकाउंट म्हणतात. पहिली जोडणी करताना ‘सेवा’ हे अकाउंट काढले. पुढे काटा जोडला, मेसेजवाला जोडला, तेव्हा “तोच पासवर्ड द्या की” म्हणून तेच अकाउंट दिले. कुठे अडायला नको म्हणून त्याला सगळे अधिकार दिले : नवी नोंद करणे, बदलणे, निकाली काढणेसुद्धा.

आता बघा, काट्यावर आपण हे चालू देऊ का? प्रत्येक गाडीला, प्रत्येक टोळीला आपला वेगळा कोड नंबर असतो. साऱ्या गाड्यांना एकच नंबर दिला तर वजन कोणाचे, वाहतूक कोणाची, मोळीत पाचट आणि वाढे जास्त निघाले तर जाब कोणाला विचारायचा? मुकादमसुद्धा हसेल. कॉम्प्युटरमध्ये मात्र आम्ही तेच करून बसलो होतो.

तिघांपैकी चूक कोणाची, हे शोधण्यात चार दिवस गेले, कारण प्रत्येक नोंदीवर नाव एकच. अखेर सापडले ते असे : सभासदाचा मोबाईल नंबर बदललेला असला की मेसेज पोहोचत नसे, आणि न पोहोचलेल्या मेसेजची तक्रार मेसेजवाला प्रोग्रॅम बंद करून टाकी. आबांचा नंबर दोन वर्षांपूर्वीचा. म्हणजे तक्रार बंद झाली हेही त्यांना कळायला मार्ग नव्हता. अशा आणखी अकरा तक्रारी निघाल्या.

मी म्हटले, पासवर्ड बदला आणि थांबवा हे. कॉम्प्युटरवाला म्हणाला, “साहेब, पासवर्ड बदलला की चिटबॉयचे मोबाईल अन् काटा, दोन्हींची जोडणी तुटेल. ऐन गाळपात?” हीच या प्रकारातली खरी मेख आहे. एक किल्ली चार जणांकडे असली की ती बदलायचे धाडस कोणी करीत नाही, आणि वर्षानुवर्षे तोच पासवर्ड राहतो. जोडणी करून गेलेल्या बाहेरच्या माणसाच्या वहीतही तो असतोच.

हा घोळ केवळ आमच्यासारख्या खेड्यातल्यांचाच, असेही समजू नका. अमेरिकेतील ओक्टा ही कंपनी दुसऱ्या कंपन्यांच्या लॉगिनची राखण करते. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तिच्याच ग्राहक-तक्रारींच्या सॉफ्टवेअरमध्ये चोर शिरला, तोही एका सर्व्हिस अकाउंटमधून. त्या अकाउंटला तक्रारी पाहण्याचा आणि बदलण्याचा अधिकार होता. एका कर्मचाऱ्याने ऑफिसच्या लॅपटॉपवर आपले खासगी गुगल खाते उघडले होते, आणि अकाउंटचा पासवर्ड त्यात साठला होता. १३४ ग्राहकांच्या फायली चोराच्या हाती लागल्या. त्यांतली एक कंपनी क्लाउडफ्लेअर. तिने आपल्या हजारो किल्ल्या बदलल्या, पण एक टोकन आणि तीन सर्व्हिस अकाउंट वापरात नाहीत असे समजून तसेच ठेवले. नोव्हेंबरात चोर त्यांतूनच तिच्या जिरा या सॉफ्टवेअरपर्यंत गेला. (नाव ऐकून फोडणी आठवते, पण ते कामाच्या नोंदी ठेवायचे सॉफ्टवेअर आहे.) वीस लाखांवर नोंदींपैकी त्याने ३६ उघडल्या. आमच्यासारखी तीन प्रोग्रॅमांत वाटलेली किल्ली ती नव्हती, पण मूळ एकच : कोणा माणसाचे नाव नसलेल्या अकाउंटकडे कोणाचे लक्ष राहत नाही.

एकच अकाउंट ठेवण्यात सोय नाही असे मी म्हणणार नाही. सांभाळायला पासवर्ड एक, आणि काही सॉफ्टवेअरला माणशी पैसे पडतात तो खर्चही वाचतो. पण आबांचे काय झाले ते पाहा. दुरुस्ती केली तोवर टोळी त्यांचे शिवार सोडून पुढे गेली होती. डिसेंबरात जायचा ऊस फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात गेला, तुरा येऊन, वजनात मार खाऊन. ती घट आम्ही त्यांना भरून देऊ शकलो नाही.

आता प्रत्येक जोडणीला स्वतंत्र अकाउंट द्यायचे ठरले आहे. चिटबॉयच्या मोबाईलचे अकाउंट फक्त नवी तक्रार घालील, जुनीला हात लावणार नाही. मेसेजवाल्याला मोबाईल नंबर आणि तक्रारीची स्थिती एवढेच दिसेल. निकाली काढण्याचे काम माणसानेच, आपल्या नावाने करायचे, शेत पाहून आल्यावर. कोणते अकाउंट कशासाठी, कोणाच्या ताब्यात, पासवर्ड केव्हा बदलला, याचे रजिस्टर राहील. (चारही पासवर्ड एकाच कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवले तर हा सारा खटाटोप फुकट, हे मी बैठकीत दोनदा सांगितले आहे.) पहिली दोन अकाउंटे झाली. काट्याचा प्रोग्रॅम जुना आहे. गाळप चालू असता त्याला हात लावायचा नाही, म्हणून त्याचे वेगळे अकाउंट कारखाना बंद झाल्यावर होईल. तोवर ‘सेवा’ हे नाव फक्त काट्यापुरते राहील, आणि त्याचा निकाली काढण्याचा अधिकार काढून घेतला आहे.

ज्यांचे मोबाईल नंबर बदलले असतील त्यांनी सभासद क्रमांकासह आपल्या चिटबॉयकडे नोंदवावेत. तक्रारीचा नंबर जपून ठेवावा. शेतावर कोणी न येता ‘निकाली’ असा मेसेज आला, तर तो मोबाईल घेऊन सरळ गट ऑफिसला यावे. निकाली कोणी काढली, ते नाव आपल्यासमोर उघडून दाखवू.

– ऊस विकास अधिकारी